व्हॉट्सॲपवर आपली हद्द आखता येते का? एकेका सेटिंगची पारख

जुन्या वाड्यात कोण कुठवर आत येणार हे न बोलताच ठरलेलं असायचं. पोस्टमन ओट्यापर्यंत, ओळखीचा माणूस ओसरीवर, पाहुणे माजघरात, आणि स्वयंपाकघरात फक्त घरचे. व्हॉट्सॲपला ओटा नाही आणि ओसरीही नाही. ऑफिसचे साहेब, मुलीच्या वर्गशिक्षिका, सोसायटीचे सेक्रेटरी, एकदाच भेटलेला इस्टेट एजंट आणि नागपूरची मावशी, सगळे एकाच दारातून थेट आपल्या उशाशी येतात. रात्री पावणेअकराला फोन वाजला की तो टाकीतल्या पाण्याच्या सूचनेसाठी वाजला, साहेबांच्या एक्सेल शीटसाठी की गुलाबाच्या फुलावरच्या सुविचारासाठी, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि पाहिलं की झोप मोडलेलीच असते.

म्हणून ही पारख फक्त एका अंगाने केली आहे: आपल्या वेळेची आणि मनाची हद्द राखायला हे ॲप किती उपयोगी पडतं? निकाल आधीच सांगतो. दार बंद करायच्या सोयी व्हॉट्सॲपने गेल्या काही वर्षांत भरपूर दिल्या आणि त्यातल्या तीन-चार खरोखर चांगल्या आहेत. पण दारावर पाटी लावायची सोय साध्या ॲपमध्ये अजूनही नाही. दार बंद दिसतं, ते का आणि कधीपर्यंत बंद आहे हे बाहेरच्याला कळत नाही. गैरसमज तिथेच होतात. पाचापैकी साडेतीन गुण, आणि उरलेले दीड गुण आपल्या बोलण्याने भरून काढायचे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'बाउंडरी'ला मराठीत 'मर्यादा' म्हणतात खरं, पण हा शब्द आपण बहुधा दुसऱ्याला दटावायला वापरतो: 'मर्यादेत राहा!' इथे अर्थ वेगळा आहे. 'रात्री मला मेसेज करू नका' ही विनंती झाली, ती पाळायची की नाही हे समोरच्याच्या हातात. 'रात्री नऊनंतर मी मेसेज पाहत नाही, सकाळी उत्तर देते' ही हद्द झाली, कारण ती पाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. खालचं प्रत्येक सेटिंग याच कसोटीवर घासून पाहिलं आहे.

लास्ट सीन आणि निळ्या खुणा: सगळ्यात लोकप्रिय, सगळ्यात कमी उपयोगी

कुणाचा त्रास सुरू झाला की लोक पहिल्यांदा लास्ट सीन बंद करतात. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग 'लास्ट सीन अँड ऑनलाइन'. इथे सगळ्यांना, फक्त कॉन्टॅक्ट्सना, काही जण वगळून किंवा कुणालाच नाही, असे चार पर्याय मिळतात. २०२२ पासून 'ऑनलाइन' हा शब्दही लपवता येतो, त्यासाठी खालच्या भागात 'सेम ॲज लास्ट सीन' निवडावं लागतं. बरेच जण वरचा भाग बदलतात आणि खालचा विसरतात. मग लास्ट सीन दिसत नाही, पण आपण ॲप उघडलं की 'ऑनलाइन' मात्र ठळक दिसतं, आणि समोरून लगेच येतं, 'आहेस ना ऑनलाइन? बोल की!'

किंमत अशी की ज्याच्यापासून तुम्ही आपली वेळ लपवाल, त्याची वेळ तुम्हालाही दिसणार नाही. हा व्यवहार न्यायाचा आहे, तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. लास्ट सीन लपवल्याने एकही मेसेज कमी येत नाही. फक्त शंका वाढते. ज्या वहिनींना कालपर्यंत तुमची वेळ दिसत होती आणि आज दिसत नाही, त्यांना एवढंच कळतं की काहीतरी लपवलं गेलं आहे. कारण त्या स्वतःच शोधून काढतात, आणि ते क्वचितच आपल्या बाजूचं असतं.

निळ्या खुणांचंही तेच. २०१४ च्या नोव्हेंबरात त्या आल्या आणि 'वाचून उत्तर दिलं नाही' हा नवा गुन्हा तयार झाला. प्रायव्हसीमध्ये 'रीड रिसीट्स' बंद करता येतात, पण त्यात तीन पळवाटा आहेत. ग्रुपमध्ये ही सोय चालतच नाही: आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं आणि 'इन्फो' पाहिलं की कुणी वाचला याची यादी पाठवणाऱ्याला दिसते. आवाजी मेसेज ऐकला की माइकची खूण निळी होतेच. आणि रिसीट्स बंद असताना आपलं स्टेटस कोणी पाहिलं हेही आपल्याला दिसत नाही. ग्रुपमध्ये वाचल्याचं दिसतं, खासगीत दिसत नाही, अशा अर्धवट लपण्याने उलट पकडलं जायला होतं.

आमचा सल्ला असा की खुणा चालू ठेवाव्यात आणि एकदाच सांगून टाकावं: 'मी मेसेज दिवसभर नजरेखालून घालते, पण उत्तरं संध्याकाळी सातनंतर देते.' वाचणं आणि उत्तर देणं या दोन गोष्टींची गाठ सोडवणं हेच इथलं खरं काम आहे, आणि ते करणारं बटण नाही. अपवाद एक: कुणी आपल्या ये-जा वर पाळत ठेवत असेल तर लास्ट सीन आणि ऑनलाइन दोन्ही ताबडतोब बंद करावं. तिथे कुणाला काही समजावत बसायची गरज नसते.

ग्रुप: इथे ॲपचे गुण खरे दिसतात

मूळ सेटिंग असं असतं की ज्याच्याकडे आपला नंबर आहे तो कुणीही आपल्याला ग्रुपमध्ये ओढू शकतो. प्रायव्हसीमध्ये 'ग्रुप्स' उघडून ते 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. मग अनोळखी माणसाला आपल्याला थेट घालता येत नाही, त्याला खासगी निमंत्रण पाठवावं लागतं. ते तीन दिवस टिकतं, तोवर स्वीकारलं नाही तर आपोआप संपतं. नकार द्यावा लागत नाही, खुलासा द्यावा लागत नाही. संपूर्ण ॲपमध्ये इतकी सभ्य सोय दुसरी नाही.

अडचण एवढीच की आपल्याला ग्रुपमध्ये ओढणारे बहुधा अनोळखी नसतातच. 'आपली दहावी ब' काढणारा मित्र, लग्नाचे चार-चार ग्रुप काढणारा मावसभाऊ, भिशीच्या मैत्रिणी, सगळे कॉन्टॅक्ट्समध्येच असतात. त्यासाठी 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' निवडून यादीतले सगळे जण खुणवायचे. मग प्रत्येकाला निमंत्रणच पाठवावं लागतं. नवा कॉन्टॅक्ट जोडला की तो या यादीत आपोआप येत नाही, हे लक्षात ठेवावं आणि दोन-तीन महिन्यांनी यादी पुन्हा पाहावी.

आता आधीच ज्या ग्रुपमध्ये आहोत त्यांचं काय? म्यूटला आठ तास, एक आठवडा आणि कायम असे तीन पर्याय आहेत. आठ तासांचा हिशेब नीट करा: रात्री नऊला म्यूट केलं तर पहाटे पाचला ते सुटतं, म्हणजे नेमकं 'शुभ प्रभात' सुरू व्हायच्या वेळी. रोजच्या त्रासाला 'कायम' हाच पर्याय योग्य. शिवाय म्यूट केलेल्या ग्रुपमध्येही कुणी आपल्या नावापुढे ॲटचं चिन्ह लावून हाक मारली, किंवा आपल्या मेसेजला उत्तर दिलं, तर सूचना येतेच. हा दोष वाटतो, पण आमच्या मते हा गुण आहे. खरोखर आपलंच काम असेल तर नावाने हाक मारा, असं ग्रुपमध्ये सांगून ठेवता येतं, आणि मग बाकीचा गलबला खुशाल दुर्लक्षित करता येतो.

म्यूटच्या पुढची पायरी अर्काइव्ह. चॅटवर बोट दाबून धरायचं आणि वरचं खाली बाण असलेल्या खोक्याचं चिन्ह दाबायचं. चॅट मुख्य यादीतून निघून वेगळ्या कप्प्यात जातं. ज्यांचं म्हणणं असतं की 'अर्काइव्ह केलं तरी पुन्हा वर येतं', त्यांचं एक सेटिंग बंद असतं: सेटिंग्ज, चॅट्स, 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड'. ते चालू असेल तर नवा मेसेज आला तरी चॅट कप्प्यातच राहतं. घरच्या ग्रुपसाठी कायमचं म्यूट आणि अर्काइव्ह ही जोडी आम्हाला सगळ्यात चांगली वाटते. दिवसातून एकदा, समजा रात्रीच्या जेवणानंतर, कप्पा उघडायचा, दोन फोटोंना दाद द्यायची, कुणाचा वाढदिवस असेल तर शुभेच्छा द्यायच्या, आणि बंद.

ग्रुपमधून बाहेर पडणं २०२२ पासून सोपं झालं: आता फक्त ॲडमिनना कळवलं जातं, सगळ्या ग्रुपमध्ये 'अमुक बाहेर पडले' अशी दवंडी पिटली जात नाही. तरी ते गुपचूप आहे असं समजू नये. ग्रुपच्या माहितीत मागच्या साठ दिवसांत बाहेर पडलेल्यांची नावं सदस्यांना पाहता येतात. दहावीच्या किंवा ट्रेकच्या ग्रुपमधून जायचं तर ॲडमिनला एक ओळ आधी टाकावी: 'ग्रुप खूप झालेत म्हणून कमी करतोय. भेटायचं ठरलं की मला नक्की फोन कर.' घरच्या ग्रुपमधून मात्र शक्यतो बाहेर पडू नये. आपल्याकडे त्याचा अर्थ 'ग्रुप सोडला' असा घेतला जात नाही, 'नातं सोडलं' असा घेतला जातो, आणि तो गैरसमज पुढच्या लग्नकार्यापर्यंत पुरतो.

सोसायटीच्या ग्रुपचं दुखणं निराळं आहे. तिथून बाहेर पडलं तर पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद राहणार, हे कळत नाही. राहिलं तर पार्किंगवरून चाललेली भांडणं मध्यरात्रीपर्यंत वाचावी लागतात. यावर तोडगा ॲडमिनच्या हातात आहे. ग्रुपच्या परवानग्यांमध्ये सदस्यांना मेसेज पाठवू न देण्याची सोय आहे. तसा फक्त ॲडमिन लिहू शकतील असा सूचनांचा एक ग्रुप आणि गप्पांचा दुसरा, असे दोन करायला सेक्रेटरींना सांगावं. पहिला वाजता ठेवायचा, दुसरा अर्काइव्ह. वार्षिक सभेत हा मुद्दा मांडला तर विरोध फारसा होत नाही, कारण त्रास सगळ्यांनाच असतो. शाळेच्या पालक ग्रुपलाही हेच लागू.

कॉल

प्रायव्हसीमध्ये 'कॉल्स' उघडून 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करा. २०२३ मध्ये आलेली ही सोय निर्धास्तपणे चालू करावी अशी आहे. अनोळखी कॉल वाजत नाही, पण कॉलच्या यादीत त्याची नोंद राहते. कुरिअरवाला किंवा दवाखाना साध्या फोनवर लावतात, तो वाजतोच.

ओळखीच्या माणसांचा व्हॉट्सॲप कॉल मात्र इथे अडवता येत नाही. चॅट म्यूट केलं तरी कॉल वाजतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यासाठी फोनचंच 'डू नॉट डिस्टर्ब' लागतं. अँड्रॉइडमध्ये त्याचं वेळापत्रक लावता येतं, समजा रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा. 'पीपल'मध्ये जाऊन फक्त तारांकित कॉन्टॅक्ट्सचे फोन वाजू द्यायचे, आणि आई-वडील, मुलं, शेजारी अशा पाच-सात जणांनाच तारा द्यायचा. तिथेच पुन्हा फोन करणाऱ्यासाठी एक पर्याय असतो: पंधरा मिनिटांत त्याच माणसाने दुसऱ्यांदा फोन केला तर वाजतो. आयफोनच्या फोकसमध्ये ही मुदत तीन मिनिटांची आहे. 'अडीअडचणीला फोन बंद असला तर?' ही भीती याने मिटते, फक्त घरच्यांना हे सांगून ठेवावं लागतं: 'तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लावा, आणि साधा फोन लावा.' तारांकित माणसाच्या व्हॉट्सॲप कॉलवर भिस्त ठेवू नये, तो वाजेलच असं नाही.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी घड्याळाचा हिशेब एकदा कागदावर मांडून फ्रिजवर लावावा. न्यू जर्सी उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. पुण्यात सकाळचे आठ वाजता चहा घेत केलेला व्हिडिओ कॉल तिकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला वाजतो, बाळ नुकतं झोपलेलं असताना. तिकडच्या रविवारी सकाळी दहा म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ. ही एक वेळ पक्की ठरली की दोन्हीकडचे आठवडाभराचे मिस्ड कॉल आणि रुसवे निम्म्याने तरी कमी होतील. आजी-आजोबांना 'आत्ता नको' हे रोज ऐकावं लागत नाही, आणि मुलांना ते रोज म्हणावं लागत नाही.

पाटी लावायची सोय: बिझनेस ॲप

'मी आत्ता नाही, उद्या सकाळी उत्तर देईन' असं आपोआप उत्तर साध्या व्हॉट्सॲपमध्ये लावता येत नाही. सगळ्यात मोठी उणीव हीच. ही सोय व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आहे, आणि ते ॲप फुकट आहे. शिकवणी घेणाऱ्या बाई, पोळीभाजी केंद्र, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, विमा एजंट, घरगुती दवाखाना, थोडक्यात ज्यांचं गिऱ्हाईक रात्री अकराला 'आहात का?' विचारतं, त्या सगळ्यांनी हे घ्यावंच.

बिझनेस टूल्समध्ये 'अवे मेसेज' असतो. तो नेहमी पाठवायचा, ठरावीक तारखा-वेळांत पाठवायचा की कामाच्या वेळेबाहेर पाठवायचा हे निवडता येतं. तिसरा पर्याय हवा तर आधी बिझनेस प्रोफाइलमध्ये कामाची वेळ भरावी लागते, ती न भरल्यानेच बहुतेकांचं अडतं. मेसेज कुणाला जावा हेही ठरवता येतं: सगळ्यांना, फोनबुकमध्ये नसलेल्यांना, काही जण वगळून, किंवा निवडक लोकांना. एक गोम आहे. हा मेसेज फोनला इंटरनेट चालू असेल तरच जातो. रात्री डेटा बंद करून झोपणाऱ्यांची पाटी लागतच नाही.

दुसरी अट अशी की एकच नंबर साध्या आणि बिझनेस ॲपमध्ये एकाच वेळी चालत नाही. घरचा नंबर साध्या ॲपवर ठेवून धंद्यासाठी दुसरं सिम घ्यावं. दोन्ही ॲप एकाच फोनवर शेजारी शेजारी चालतात. दुकानाला लँडलाइन असेल तर तो नंबरही बिझनेस ॲपला चालतो, पडताळणी कॉलवर होते. वेगळ्या नंबराचा फायदा पहिल्या आठवड्यातच कळतो: रविवारी धंद्याच्या सूचना एका ठिकाणी बंद करता येतात आणि घरचा फोन मोकळा राहतो.

पाटीवरचा मजकूर छोटा ठेवावा: 'नमस्कार. शिकवणीच्या चौकशीची उत्तरं मी सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते १२ या वेळात देते. फी आणि वेळापत्रक हवं असेल तर मुलाची इयत्ता लिहून ठेवा.' यात माफी नाही, 'कृपया समजून घ्या' नाही, आणि समोरच्याला लगेच करता येईल असं एक काम आहे. 'तातडीचं असेल तर फोन करा' हे वाक्य चुकूनही घालू नका. गिऱ्हाइकाच्या लेखी सगळंच तातडीचं असतं.

साहेबांचा ग्रुप

ऑफिसच्या ग्रुपला वरच्यापैकी कुठलंच सेटिंग एकट्याने पुरं पडत नाही, कारण तिथे न पाहण्याचा दोष आपल्यावर येतो. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मोकळं राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस अशाच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा जे काही करायचं ते बोलूनच.

बोलण्याची वेळ महत्त्वाची. रात्री दहाला चिडून टाइप केलेलं वाक्य हद्द आखत नाही, भांडण लावतं. दिवसा, समोरासमोर, काम नीट चालू असताना बोलावं. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: आपण काय करणार नाही, त्याऐवजी काय करणार, आणि खरोखर अडलं तर वाट कुठली. 'सर, रात्री आठनंतर मी ग्रुप पाहत नाही. आलेलं सगळं सकाळी साडेनऊला पहिलं हातात घेतो. क्लायंटचं काही अडलं तर मात्र मला फोन करा, मी उचलेन.' टाइप करण्यापेक्षा फोन करणं जड वाटतं, म्हणून 'जरा बघशील का' प्रकारची कामं त्या गाळणीत आपोआप अडकतात.

यानंतर काय बिघडतं ते नीट समजून घ्यायला हवं. पहिले काही दिवस मेसेज कमी होत नाहीत, उलट वाढतात. ज्या दारावर रोज टकटक केली की उघडायचं, ते उघडलं नाही तर माणूस आधी जोरात वाजवतो. याच टप्प्यावर बहुतेक जण 'एवढ्या एका वेळी' म्हणून सव्वादहाला उत्तर देतात, आणि मग सगळी मेहनत पाण्यात जाते. कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशी सवय सगळ्यात चिवट असते. समोरच्याने एवढंच शिकलेलं असतं की तीनदा विचारलं की उत्तर येतं. सुरुवातीला वाचूनही गप्प राहणं जड जात असेल तर ग्रुप अर्काइव्ह करा आणि डू नॉट डिस्टर्ब लावा. सेटिंगचा खरा उपयोग इथे आहे: सांगितलेला शब्द आपल्याच हातून मोडू नये म्हणून.

मराठीतलं 'नाही'

आपल्या बोलण्यात नकाराचे मऊ प्रकार इतके आहेत की नकार पोचतच नाही. 'बघू', 'जमलं तर', 'सांगतो नंतर', 'हिला विचारतो', हे सगळं ऐकणाऱ्याला 'हो, पण थोडं थांब' असंच ऐकू येतं. मेसेजमध्ये तर आवाजातला संकोचही जात नाही. त्यामुळे टाइप करताना बोलण्यापेक्षा थोडं जास्त स्पष्ट असावं लागतं.

दुसरी चूक कारणांची. 'रविवारी सोनूची परीक्षा आहे म्हणून येता येणार नाही' असं लिहिलं की उत्तर येतं, 'मग पुढच्या रविवारी ये.' जेवढी कारणं तेवढ्या मुठी, समोरच्याला पकडायला. कारण एकच द्यावं, किंवा देऊच नये, आणि आपुलकी मात्र पूर्ण द्यावी. काही नमुने:

उसने मागणाऱ्या मित्राला: 'पैशांचा व्यवहार मी मित्रांमध्ये करत नाही रे. अडचण कसली आहे ते सांग, बाकी जे जमेल ते करतो.'

दिवसाला आठ घरगुती उपाय पाठवणाऱ्या आत्याला: 'आत्या, फॉरवर्ड मी उघडत नाही, तुझं स्वतःचं काही असेल तर आवाजात पाठव. ते मी नक्की ऐकते.' हे अर्काइव्हपेक्षा कितीतरी बरं. आत्याला खरं तर बोलायचंच असतं.

'कुठे आहेस, लोकेशन टाक' म्हणणाऱ्या वहिनींना: 'वहिनी, लोकेशन मी फक्त रात्रीच्या प्रवासात टाकते. पोचले की मेसेज करीन.' आणि रात्री टाकायचं तेव्हा लाइव्ह लोकेशनला पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास हे पर्याय असतात. सवयीने आठ तास दाबू नये. रिक्षाच्या प्रवासाला एक तास पुष्कळ, आणि पोचल्यावर 'स्टॉप शेअरिंग' दाबून ते आधीच बंद करता येतं.

समोरून पुन्हा आग्रह झाला तर नवं कारण शोधू नका, तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा लिहा. तिसऱ्यांदा उत्तर द्यायची गरज नसते.

ब्लॉक, आणि जिथे हद्द पुरत नाही

ब्लॉक हे शेवटचं हत्यार आहे आणि त्याची धार लोकांना वाटते तेवढी नसते. ब्लॉक केलेल्याचे मेसेज आणि कॉल पोचत नाहीत, त्याला आपलं लास्ट सीन, ऑनलाइन आणि स्टेटस दिसत नाही. ॲप त्याला कळवत नाही, पण मेसेजवर एकच खूण राहते यावरून त्याला कळायचं ते कळतं. आणि दोघं एकाच ग्रुपमध्ये असाल तर तिथे एकमेकांचे मेसेज दिसतच राहतात. नात्यातल्या माणसावर रागाच्या भरात हे वापरलं तर पुढच्या कार्यात समोरासमोर उभं राहावं लागतं. तिथे म्यूट आणि वरचं साधं वाक्य पुरतं.

छळ, धमकी किंवा अश्लील मेसेज असतील तर गोष्ट वेगळी. तिथे समजावत बसू नका. आधी तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट करा. रिपोर्ट केल्यावर त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात. मग ब्लॉक करा.

आणि नवरा, प्रियकर, सासरचं कुणी किंवा स्वतःचेच आई-वडील आपले मेसेज वाचतात अशी शंका असेल तर सेटिंग्जमधलं 'लिंक्ड डिव्हायसेस' आज उघडा. एका खात्याला चारपर्यंत इतर उपकरणं जोडता येतात, आणि कुणीतरी दोन मिनिटं आपला फोन हातात घेऊन स्वतःच्या लॅपटॉपवर जोडणी करून ठेवली असेल तर ती इथे दिसते. त्या नावावर बोट ठेवून 'लॉग आउट' करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा (दुहेरी पडताळणीचा) सहा अंकी पिन लावा, आणि फोनच्या स्क्रीनचा पासवर्ड बदला. लॉग आउट केल्याचं त्या माणसाच्या लक्षात येतं. त्यामुळे तो हात उचलेल अशी भीती असेल तर हे करण्याआधी विश्वासातल्या कुणाला सांगून ठेवा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बोला. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.